विहारातला योगवर्ग आणि आम्ही दोघं

माझी बायको पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला जायची. कापसाचा हंगाम लागला की डोक्याला फडकं बांधून निघायची आणि संध्याकाळी भुवयांवर रुई घेऊन परतायची. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होतो. घर माझ्या पगारात चालत होतं, तरी तिनं काम सोडलं नाही. "घरी बसून काय करू? तिथं चार बाया भेटतात," म्हणायची. दर वर्षी खोकला यायचा आणि हंगाम सरला की जायचा. एका वर्षी तो गेलाच नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसं पहिल्यासारखी होणार नाहीत. औषधं दिली, ओढायचा पंप दिला. निघताना म्हणाले, "श्वासाचे व्यायाम शिकवणारं कोणी असेल गावात तर पाहा. त्रास थोडा सोपा होईल."

आमच्या मोहल्ल्यातल्या बुद्धविहारात सकाळी योगवर्ग भरायचा. शिकवणारी मोहगावची मुलगी, लग्न होऊन आमच्या गावात आलेली. वर्गात सगळ्या बायाच. पहिल्या दिवशी बायको दारातच अडली.

"मी एकटी नाही बसत. दम लागला तं सगळ्या पाहतीन."

"मंग मी बसतो तुह्या बाजूले."

"बायांमंधी?"

"हो, बायांमंधी."

त्या मुलीनं भिंतीजवळ दोन खुर्च्या मांडल्या. बाकीच्या बाया सतरंजीवर आसनं करत आणि आम्ही दोघं खुर्चीवर. ती जवळ येऊन सांगायची, "काकू, हाताची घाई नाही करायची. आधी श्वास सुरू होऊ द्या, मंग हात उचला. श्वास थांबला का हात थांबवा. रोखून तं बिलकूलच धरायचा नाही." हात वर जाताना नाकानं आत. पुढे वाकताना ओठांचा चंबू करून, गरम चहा फुंकल्यासारखा, हळूहळू बाहेर. बायकोचा हात खांद्याच्या वर जायचा नाही, तेवढ्यात श्वास संपायचा. मी मुद्दाम माझे हातही तिथंच थांबवायचो.

घरीही आम्ही अंगणात समोरासमोर बसायचो. एक गोष्ट त्या मुलीनं वेगळी शिकवली होती, कामाचा जोर लागतो तेव्हा श्वास सोडायचा. त्याआधी किती तरी महिने वेणी घालायला हात वर केला की बायकोला धाप लागायची, म्हणून तिचे केस मीच विंचरत होतो, वाकडेतिकडे. एक दिवस मी ड्यूटीवरून आलो तर ती वेणी घालून बसलेली.

"कोणी घालून देल्ली?"

"मीच घातली. फुंकत फुंकत घातली," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. रडत होती हे मला उशिरा कळलं.

त्या उन्हाळ्यात ती रामाकोन्याला माहेरी जाऊन आली. भाचीच्या लग्नात शेवटपर्यंत बसली. आम्हाला वाटायला लागलं, हे असंच चालेल. डॉक्टरांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं, पण वाटायला लागलं.

थंडीत तिला ताप आला आणि छाती भरली. वर्गाला जाणं सुटलं. नागपूरच्या दवाखान्यात नाकाला ऑक्सिजनची नळी लावली तरी ती पुढे झुकून, गुडघ्यांवर कोपरं टेकवून बसायची, शिकवलं होतं तसंच. मी पलंगासमोर उभा राहून हात वर-खाली करायचो, म्हणजे तिला लय सापडेल. नर्स येता-जाता बघायच्या. मला लाज वाटली नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "अजी, हात खाली करा."

"काहून? दुखते का काही?"

"नाही. तुमाले पाहूनच थकून राहिली मी. बसा जवळ."

मी बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली तिचा श्वास लागत होता, आखूड, घाईघाईचा. पुढे तो आणखी आखूड झाला. तिनं परत काही मागितलं नाही. संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली.

तिच्या मागे विहाराच्या रीतीनं पुण्यानुमोदन केलं, त्या दिवशी योगवाली मुलगी घरी आली. जाताना दारात म्हणाली, "काकाजी, वर्गाले येत जा. बसून राहाल तं आजारी पडाल." मी होकार दिला आणि दोन महिने गेलो नाही. घरात सकाळी मलाच धाप लागायची. छातीत काही नव्हतं, तपासून घेतलं होतं. फक्त बीपी वाढलेलं, त्याची गोळी सुरू झाली.

शेवटी गेलो. आता मी सतरंजीवर बसतो. पहिल्या दिवशी पुढे वाकून श्वास सोडला आणि तो सोडता सोडता रडू फुटलं. ती मुलगी तेवढंच म्हणाली, "सोडा, काकाजी. पूर्ण सोडा."

रोज जातो. झोप लागते आता. मागच्या खेपेला डॉक्टरांनी बीपीची गोळी अर्धी केली आणि विचारलं, काय करता? मी सांगितलं, श्वास घेऊन हात वर करतो, सोडत खाली आणतो. ते म्हणाले, छान, चालू ठेवा. बाहेर बाकावर येऊन मी बराच वेळ बसून राहिलो. ज्याच्यासाठी ती एवढी झगडली, तो श्वास मला इतका सहज येतो. मी बरा होत चाललो आहे, आणि हे सांगायला घरी कोणी नाही.