पारोशी मेमरी

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, कॉम्प्युटर अडकला की बंद करून पुन्हा चालू करायचा, की झालं. मुलांनो, या वाक्यानं माझं डोकं आजही उठतं. बंद केलं की तो का अडकला याचा मागही पुसला जातो. मूर्खांना तेच सोयीचं असतं.

ऐंशीच्या दशकात मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहीत असे. कापड रंगवायच्या यंत्रांचे कंट्रोलर आम्ही बनवत होतो. आमचे साहेब परदेशात शिकून आले होते आणि तिथून मुख्यतः टाय घेऊन आले होते.

विक्रोळीच्या एका कारखान्यात आमचा कंट्रोलर रंग चढत असतानाच ठप्प व्हायचा आणि कापडाचा अख्खा ताका डागाळायचा. आमच्या टेबलावर मात्र तो कधी अडकत नसे. साहेबांचं निदान तयार होतं: तिथला ऑपरेटर भलती बटणं दाबतो. ऑपरेटर कोकणातला, गिरणीतली नोकरी सुटल्यावर कसाबसा तिथे लागलेला. कारखान्याच्या मालकानं त्याला बजावलं होतं, आणखी एक ताका गेला की घरी बस.

"बाई, मी बटनाक हात लावूक नाय," तो मला म्हणाला. "तो थांबता, मगे मी बंद करून चालू करतंय. तुमच्या सायबानीच सांगितल्यानी."

मी कंट्रोलरमध्ये एक वेगळी मेमरी बसवून घेतली. वीज गेली तरी लहानशा सेलवर ती सगळं धरून ठेवायची. प्रोग्रॅम प्रत्येक पायरीला आणि प्रत्येक बटणाला तिच्यात एक खूण टाकणार होता. मरोळला बंद करून चालू केलं, खुणा पाहिल्या. सगळी शून्यं.

कारण साहेबांचा नियम. सुरू होताना आधी सगळी मेमरी पुसायची. ऑफिसात त्याला अंघोळ म्हणत.

"एवढा एक कोपरा अंघोळीतून वगळू या," मी म्हटलं.

"म्हणजे पारोसं यंत्र गिऱ्हाइकाला द्यायचं? घरी पारोशानं स्वयंपाक करता का तुम्ही?"

सगळे हसले. त्यांच्या विनोदाला हसणं नोकरीतच धरलेलं होतं.

"मुडद्याला अंघोळ घालायच्या आधी तो कशानं मेला ते तरी बघू द्या, साहेब."

याला कुणी हसलं नाही. मी न विचारता प्रोग्रॅम बदलला, तो कोपरा पारोसाच ठेवला आणि विक्रोळीला जाऊन बसवून आले.

पुढच्याच आठवड्यात तिथे मरून रंगाचा एक ताका वाया गेला. साहेब आणि मी पोचलो. साहेबांनी आत शिरताच ऑपरेटरकडे बोट केलं. मी कंट्रोलर बंद करून चालू केला आणि शेवटच्या खुणा मालकाला एकेक करून दाखवल्या.

"यात ह्याचं बटण कुठाय?" मालकानं विचारलं.

"कुठेच नाही."

शेवटची खूण तापमान वाचणाऱ्या भागाची होती. तो भाग साहेबांनी स्वतः लिहिलेला, कुणी हात लावायचा नाही असा. तापमापकाचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, एवढंच त्यात होतं. आमच्या टेबलावर ते नेहमी येई; आलंच नाही तर काय, हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"तुमच्या त्या मेमरीचा सेल खराब असेल," साहेब म्हणाले.

मालकानं त्यांच्याकडे पाठ केली. ऑपरेटरला म्हणाला, "जा रे, दुसरा ताका चढव."

तो गेला. परतताना टॅक्सीत साहेब मला समजावून सांगत होते, की त्यांना पहिल्यापासून तापमापकाचाच संशय होता.