विसावं टिंब

हिंगोलीतल्या आमच्या महाविद्यालयात परीक्षेचं वेळापत्रक एकोणीस वर्षं मी लावलं. मी म्हणजे विष्णुपंत, कार्यालय अधीक्षक. आणि एकोणीस वर्षं त्या वेळापत्रकाखाली दरवेळी किमान तीन शुद्धिपत्रकं चिकटली. एकाच पोराचे दोन पेपर एकाच वेळी यायचे, पोरं दारात गर्दी करायची आणि मी त्यांच्यावरच ओरडायचो. शुद्धिपत्रकं डिंकाने चिकटवायचं काम देविदासचं.

देविदास परीक्षा विभागाचा शिपाई. वय सत्तेचाळीस. नरसीजवळच्या मेंढपाळ घरातला, रोज फटफटीवर येतो. सव्वीस वर्षांपूर्वी तो याच कॉलेजात विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला होता. परीक्षेच्या तोंडावर वडिलांचा पाय मोडला. कळपामागे जायला दुसरं कोणी नव्हतं. ‘पुढच्या वर्षी देतो’ म्हणून जो गेला, तो चार वर्षांनी शिपाई होऊनच परत आला. तेव्हापासून बाकांवर नंबर चिकटवणं, पेपर वाटणं, घंटा देणं त्याच्याकडे. सगळ्या कॉलेजची परीक्षा त्याच्या हातून झाली, त्याची स्वतःची तेवढी राहिली.

यंदा जूनमध्ये त्याने अर्ज दिला, पहिल्या वर्षाला बसू द्या म्हणून. तो वाचून मी मोठ्याने हसलो. प्राचार्य हसले नाहीत. त्यांनी परवानगी दिली, पण एका सत्रापुरती आणि एकाच विषयाला. कामात खंड नको, आणि तो पेपर चुकला तर पुढे प्रवेश नाही.

मग सुरू झाला सकाळी साडेसातचा डिस्क्रीट मॅथ्सचा तास. सुट्या सुट्या गोष्टींचं गणित. शिकवायला नीलांबरी मॅडम, वयाने त्याच्या निम्म्या. दहा वाजता देविदास कार्यालयात शिरायचा तो सकाळी शिकलेलं सांगायला फुरफुरतच.

“पंत, तेरा माणसं जमली की दोघं तरी एकाच महिन्यातले असतात. असतातच! कोन कोनते ते म्हाईत नसलं तरी पक्कं!”

“चल, पाणी भर आधी.”

पाणी राहिलं बाजूला. त्याने कार्यालयातल्या चौदाही जणांना जन्ममहिना विचारला. मी आणि झाडलोट करणाऱ्या भिकाबाई एकाच महिन्यातले निघालो. त्याला एवढा आनंद झाला, की जणू आमचा जन्मच त्याने लावून दिला होता. मला राग आला. खरं सांगायचं तर संध्याकाळी घरी जाऊन मी तेच गणित बायकोला सांगितलं.

सप्टेंबरात एक दिवस तो वर्गातच उभा राहिला म्हणे. मॅडम नकाशाला रंग देणं शिकवत होत्या: एकेका प्रदेशाचं एकेक टिंब काढायचं, ज्यांची सीमा एकमेकांना लागते त्यांच्यात रेघ ओढायची, आणि रेघेच्या दोन टोकांना एकच रंग येऊ द्यायचा नाही. देविदास ओरडला, “मॅडम, हे तं आमच्या घरी आजोबापासून चालू हाय!”

मेंढरांच्या पाठीवर ओळखीसाठी रंग लावतात. ज्या दोन कळपांची एका रानात गाठ पडते त्यांचे रंग वेगळे हवेत, नाहीतर मेंढरं मिसळली की भांडणं. ज्यांची गाठच पडत नाही त्यांनी एकच रंग लावला तरी बिघडत नाही. रंग मोजकेच, त्यातच सगळ्यांचं भागवायचं. हे तो पुढची दहा मिनिटं सांगत राहिला आणि मॅडम खडू हातात धरून ऐकत राहिल्या.

त्याच आठवड्यात मी वेळापत्रक घेऊन डोकं धरून बसलो होतो. नव्या शैक्षणिक धोरणापासून पोरं कुठल्याही शाखेचा विषय घेतात. इतिहासवाल्याला संगणक हवा, गणितवालीला संगीत. देविदास टेबलाशी येऊन घुटमळला.

“पंत, यंदा मी लावून पाहू का? विषय म्हंजे कळप. एका पोराचे दोन विषय असले की गाठ पडली. रंग म्हंजे पेपरची वेळ.”

“घे, लाव,” मी कागद त्याच्याकडे ढकलले. त्याची जिरेल, अशी माझी खात्री होती.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने एकोणीस विषयांची एकोणीस टिंबं काढली. तीन दिवस प्रवेशाचे अर्ज चाळून रेघा ओढल्या. मग आपल्या पोरीच्या रंगपेटीतले खडू आणून रंग भरत बसला. मला नऊ वेळा लागायच्या. त्याने पाचात बसवलं! सोमवार, मंगळवार दोन्ही वेळा आणि बुधवारची सकाळ.

मी दोन तास त्यात चूक शोधली. एकेक नाव ताडून पाहिलं. एकाही पोराचे दोन पेपर एका वेळी येत नव्हते. वेळापत्रक फळ्यावर लागलं, आठ दिवस झाले, एक पोरगं तक्रार घेऊन आलं नाही. कार्यालयाचं दार इतकं रिकामं मी कधी पाहिलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी मी कामाचं वाटप लिहायला घेतलं. घंटा व पेपरवाटप: देविदास. सोमवार सकाळ देविदास, दुपार देविदास. बुधवार सकाळपाशी पेन थांबलं. बुधवारी सकाळी डिस्क्रीट मॅथ्स होता.

चूक सापडली! लपवत नाही, मला आधी आनंदच झाला. “देविदास!” मी हाक मारली, “तुझा पेपर आणि तुझी घंटा एकाच वेळी रे!”

त्याने कॅलेंडर उलगडलं. एका कोपऱ्यात पेन्सिलीने विसावं टिंब काढलं आणि खाली लिहिलं, ‘घंटा’. त्यातून आपल्या पेपरकडे रेघ ओढली. पाचही रंगांवरून बोट फिरवलं आणि एकदम टेबलावर थाप मारली.

“पंत, सिद्ध झालं! घंटा तं पाचही वेळेला हाय. तिला पाचही रंग लागले. माझा पेपर कुठंबी न्या, तिथं घंटा हायेच. जगात कोनाकडूनबी हे बसनार न्हाई!”

डोळे लकाकत होते. मग आपण काय सिद्ध केलं ते त्याच्या ध्यानात आलं. तो हळूहळू खाली बसला.

“एवढे सगळे कळप मोजले,” तो म्हणाला, “अन् सोताला इसरलो. जाऊ द्या. पुढच्या वर्षी देतो.”

ते शब्द मी सव्वीस वर्षांपूर्वीही ऐकले होते, याच टेबलापाशी. तेव्हा मी नवा लिपिक होतो. त्याचा कागद घेतला, शिक्का मारला आणि मोकळा झालो.

“यातून काहीच वाट नाही?” मी विचारलं.

“गणितात न्हाई. रेघ आपोआप पुसली जात नसते.”

मी खोडरबर घेतला आणि त्याची ती एक रेघ पुसून टाकली. मग वाटपाच्या कागदावर बुधवारपुढे लिहिलं: घंटा व पेपरवाटप, विष्णुपंत.

“तुमी? घंटा?”

“काहून? मला हात नाहीत?”

बुधवारी सकाळी मी व्हरांड्यात घंटेखाली उभा राहिलो. पोरं मोबाइलवर माझे फोटो काढत होती. मी दर मिनिटाला घड्याळ पाहत होतो, जणू पेपर माझाच होता. दहाला टोल दिले, गठ्ठा उचलला आणि दारातून पाहतो तर काय, तिसऱ्या बाकावरचा देविदास घंटा ऐकताच सवयीने ताडकन उठून दाराकडे निघाला होता.

सगळा वर्ग हसला. तोही हसला, पण जागचा हलला नाही. कुठे जावं तेच त्याला समजेना.

मी गठ्ठ्यातली पहिली प्रश्नपत्रिका काढून त्याच्या हातात दिली.

“बस खाली,” मी म्हणालो. “ही तुझी.”