वेलिचकाने गाळलेली ओळ

आमच्या गावात वेलिचका मावशीने वाचल्याशिवाय काहीही घडलेलं नसायचं. नळ दोन दिवस कोरडे ठणठणीत पडलेले असोत, लोक खिडकीत उभे राहून एकमेकांना विचारायचे, "अजून वेलिचकाने कुठे सांगितलंय?" तिने सांगितलं की मगच बादल्या शोधायला लागायचे.

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, नकाशांच्या कपाटामागे एक चिंचोळी खोली आहे. तिथे एक माइक, एक लाकडी खुर्ची आणि खिडकीत जेरेनियमची कुंडी. सत्तावीस वर्षं ती त्या खुर्चीत बसून गावाला कागद वाचून दाखवत होती. कुणाचं कुत्रं हरवलं, डासांची फवारणी कधी, कुठल्या गल्लीची वीज जाणार. खांबाखांबावर कर्णे होते, आणि ते एकमेकांपासून लांब, त्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य तीनदा ऐकू यायचं. आधी चौकातून, मग नदीकाठच्या पॉप्लरच्या झाडांमधून, आणि शेवटी टेकडीवरच्या हॉस्पिटलच्या आवारातून, अगदी पुसट. डॅन्यूब नदीवरून धुकं वर चढलेलं असलं की ते तिसरं वाक्य पलीकडच्या रोमानियातून कुणी परत पाठवल्यासारखं वाटायचं.

मी ग्रोझ्दान. ती वाचते तो कागद टाइप करणारा कारकून. मला माझ्या वाक्यांचा भारी अभिमान आहे, हसायचं तर खुशाल हसा. आणि मावशीचं एक होतं, कागदावरचा शब्द ती कधी बदलत नसे. एकदा जुन्या सूचनेवर नवी सूचना चढवताना माझी गडबड झाली आणि पादचारी पुलाच्या जागी नगराध्यक्ष राहून गेले. तिने शांतपणे वाचलं, "नगराध्यक्ष डागडुजीसाठी दोन दिवस बंद राहतील."

मी धावत वर गेलो. "अहो मावशी, वाचताना डोकं कुठे होतं?"

"कागदावर होतं," ती म्हणाली. "तुझं कुठे होतं ते तू बघ. मी कोण बदलणारी?"

मग तो मार्च आला, आणि लोक घरात गेले. रोज सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला निवेदन सुरू झालं. नवे रुग्ण किती, विलगीकरणात किती, मृत्यू किती. साडेआठ ते साडेदहा दुकानात फक्त साठीच्या वरच्यांनी यावं. बागेतल्या बाकांवर बसू नये. नदीवर गळ टाकायला जाऊ नये. रस्ते इतके रिकामे झाले की प्लमचा मोहर गळताना दिसायचा, आणि गळून कुणाच्याही पायाखाली न येता तिथेच राहायचा. दहा वाजले की खिडक्या उघडायच्या. बायका पिठाच्या हातांनी उभ्या, पुरुष पायजम्यात, सगळे गप्प. शारो नावाचं भटकं कुत्रं या कर्ण्याखालून त्या कर्ण्याखाली पळायचं, बाई नेमकी कुठे बसलीय ते शोधत. मला ते दिवस आठवतात ते पाण्याखालून पाहिल्यासारखे. सगळं हळू, सगळं हिरवट, आणि त्यातून एकच आवाज चाललेला.

मावशीचा नवरा नेन्चो काका हा आमचा जुना वायरमन. ते कर्णे त्यानेच चढवलेले. करकोच्यांची घरटी तारांवर पडून जळू नयेत म्हणून खांबांच्या टोकावर घरट्यांना आधाराला लोखंडी चाकं बसवणाराही तोच. दोरीसारखा माणूस, लांब आणि वाकडा. एक मार्चला आम्ही एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतो, मार्तेनित्सा. पहिला करकोचा दिसला की तो सोडायचा आणि मोहरलेल्या फांदीला बांधायचा. घाईने आधी सोडला तर वर्षाचं आरोग्य गेलं म्हणून समजा. काकाचं यावर स्वतःचं एक शास्त्र होतं. तरुणपणी तो मार्चमध्येच खांबावरून पडला, पाठ मोडली, डॉक्टरांनी पाद्रीबाबांना बोलवा म्हणून सांगितलं. तेव्हा त्याने मनगट वर केलं. "दोरा आहे ना हातात? करकोचा यायचाय अजून. तोवर मी कुठे जातो?" आणि खरंच कुठे गेला नाही. मेमध्ये परत खांबावर चढला. तेव्हापासून साधी सर्दी झाली तरी त्याचं तेच पालुपद.

मार्चच्या वीस तारखेला त्याला धाप लागली. अँब्युलन्समधले लोक चंद्रावर निघाल्यासारखे पांढऱ्या पोशाखात आले. मावशीला दारातच थांबवलं. त्याने स्ट्रेचरवरून मनगट तेवढं वर केलं. ती दुसऱ्या दिवशी दहाला कामावर हजर होती. भेटायला बंदी, फोनवर तेच ते, "प्रकृती स्थिर आहे." मी म्हटलं, "मावशी, घरी थांबा."

"घरी काय करू? भिंतींना वाचून दाखवू?"

ब्लागोवेत्सच्या सणाच्या आदल्या दिवशी, चोवीस मार्चला, करकोचा आला. बेकरीच्या धुराड्यावर उतरला आणि चोच वाजवायला लागला. अख्ख्या गावाने खिडकीतून पाहिला. मला इतका आनंद झाला की मी साहेबांना न विचारताच निवेदनाच्या शेवटी ओळ टाकली: "रहिवाशांना कळवण्यात येते की पहिला करकोचा आला आहे. सर्वांनी निर्धास्तपणे दोरे सोडावेत." दहा-बारा दिवस रुग्ण आणि मृत्यू टाइप करून माझी बोटं कडू झाली होती. ही ओळ लिहिताना मला वाटलं, मी गावाला गोड काहीतरी वाटतोय.

पाच वाजले. मावशीने सगळं वाचलं, गळ टाकू नये या ओळीपर्यंत आली, आणि म्हणाली, "निवेदन संपलं."

वाटलं, पान उलटायचं राहिलं असेल. दुसऱ्या दिवशी ओळ वरती घेतली. ती वगळून वाचलं. तिसऱ्या दिवशी ठळक केली, खाली रेघ मारली. तेच. माझा राग नाकावरच असतो, मास्कच्या आतसुद्धा तो मावेना. गेलो वर.

"मावशी, करकोचा कुठे गेला?"

"कुठला करकोचा?"

"कागदावरचा!"

"मला नाही दिसला."

"अख्ख्या गावाला दिसलाय! बेकरीवर बसून चोच वाजवतोय!"

"वाजवू दे."

"सत्तावीस वर्षं माझ्या चुकासुद्धा तुम्ही वाचल्यात. नगराध्यक्षांना डागडुजीला पाठवलंत. आणि एक धड ओळ लिहिली तर तीच नेमकी गिळता?"

तिने माइकचं बटण बंद आहे ना, ते दोनदा पाहिलं. मग माझ्याकडे न बघता कुंडीतलं एक सुकलेलं पान खुडलं.

"तुझ्या त्या करकोच्यासाठी माझा नवरा थांबलाय, ग्रोझ्दान. त्याची खाट भिंतीकडे तोंड करून आहे म्हणे, बाहेरचं काही दिसत नाही. पण शेवटचा कर्णा त्याच्या खिडकीसमोरच आहे. स्वतःच बसवलाय तिथे मेल्याने."

शब्द तोंडातून गेला आणि ती थबकली. आयुष्यभर ती त्याला लाडाने "मेल्या, मेल्या" म्हणत आली होती, आम्ही सगळ्यांनी ते हजारदा ऐकलेलं. तिने हात तोंडावर ठेवला, जणू शब्द परत आत ढकलायचा असावा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद उचलून मी खाली आलो.

ओळ मात्र मी काढली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ टाइप करत राहिलो, ठळक न करता, अगदी शेवटी. काढली असती तर ठरवणारा मी झालो असतो, आणि तो अधिकार माझा नव्हता. ती रोज तिथे येऊन थांबायची, एक श्वास ऐकू यायचा, आणि मग "निवेदन संपलं." त्या एका श्वासाची आम्हाला सवय लागली. तोही तीनदा ऐकू यायचा.

लोकांचे फोन माझ्याकडे. "करकोच्याचं काय ठरलं?"

"अधिकृत माहिती नाही."

"अहो," बेकरीवाला ओरडला, "माझ्या धुराड्यावर घरटं बांधून बसलाय, त्याची बायको पण आली, ती दोघं काय अनधिकृत आहेत?"

"तसंच समजा."

मग कुणाच्या तरी लक्षात आलं. कुणी कुणाला सांगितलं ते मला ठाऊक नाही, रस्त्यावर तर चिटपाखरू नव्हतं. पण फोन थांबले. बेकरीवाला खिडकीतून पाव द्यायचा तेव्हा त्याच्या पिठाळ मनगटावर दोरा तसाच दिसायचा. माझ्याही. करकोचे नदीकाठच्या गवतातून बेडूक वेचत फिरायचे, सगळे त्यांना बघायचे, आणि गावात करकोचा आलेला नव्हता. आठवडा गेला, दुसराही संपत आला. दोरे मळून राखाडी झाले.

एप्रिलच्या सहा तारखेला साडेचारला मी कागद घेऊन वर गेलो तेव्हा फोन वाजला. हॉस्पिटलमधून राडका नर्स. माझ्याच वर्गातली, गणितात माझं बघून लिहायची. मावशीने मला खुणेने थांबवलं आणि फोनचा स्पीकर लावला. एकटीने ऐकायची तिची तयारी नसावी.

"मावशी, नेन्चो काकांना बोलता येत नाही, ऑक्सिजनचा मास्क आहे," राडका म्हणाली. "त्यांनी तापाच्या तक्त्यामागे लिहिलंय. तुम्हाला वाचून दाखव म्हणतात."

"डॉक्टर काय म्हणतात ते आधी सांग."

पलीकडे यंत्रांची पिपपिप चाललेली.

"डॉक्टर परवाच म्हणालेत, मावशी. आम्हाला सगळ्यांना नवल वाटतंय ते कसे काय थांबलेत याचं."

"वाच तर मग."

राडका वाचायला लागली. ती वाचत होती अडखळत, पण आवाज मला काकाचाच ऐकू आला. "वेलिचके, करकोचा मी पहिल्याच दिवशी पाहिलाय. खाट फिरवली यांनी, खिडकीशी आहे मी. समोर बॉयलरच्या धुराड्यावरच एक बसलाय. पण तू वाचलं नाहीस. म्हटलं, बाई अजून सोडत नाही, तर थांबावं. थांबलो गं. आता दमलो. वाच."

मावशीने फोन ठेवला. मी म्हणालो, "आज मी वाचू का?"

"तू 'विलगीकरण' म्हणताना अडखळतोस," ती म्हणाली. "जा. खिडकी उघड तेवढी."

मी खिडकी उघडून तिथेच उभा राहिलो. चौकात ऊन तिरपं पडलं होतं. शारो कर्ण्याखाली कान टवकारून बसला होता. तिने पाण्याचा घोट घेतला आणि सुरू केलं. नवे रुग्ण तीन. विलगीकरणात अडतीस. मृत्यू नाही. दुकानं, बाकं, गळ. मग तो श्वास आला. पॉप्लरांमधून आला, टेकडीवरून आला.

"रहिवाशांना कळवण्यात येते की पहिला करकोचा आला आहे. सर्वांनी निर्धास्तपणे दोरे सोडावेत."

ती थांबली. मला वाटलं, आता "निवेदन संपलं" म्हणेल. तिने माइक जवळ ओढला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच कागदावर नसलेलं बोलली.

"तूसुद्धा सोड रे."

चौकातून गेलं. नदीकाठाने गेलं. मी टेकडीकडे बघत उभा राहिलो, तिसऱ्यांदा ऐकू येईपर्यंत. आलं, पुसट, पण शब्द न् शब्द आला. मग समोरच्या खिडक्यांमध्ये हात हलताना दिसले. झाडापर्यंत जायची परवानगी नव्हती, म्हणून लोक खिडक्यांच्या गजांनाच दोरे बांधत होते. मी माझा सोडायला गेलो तर गाठ सुटेना. डोळ्यांत पाणी असलं की गाठ दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. मावशीने माझा हात ओढून घेतला आणि नखाने ती सोडवून दिली.

नेन्चो काका पावणेसहाला गेले. राडकाने त्यांचा दोरा आवारातल्या प्लमला बांधला.

दुसऱ्या दिवशी मी कागद टाइप केला. एका शब्दापाशी अर्धा तास बसलो, पण तिच्या कागदावर खोटं लिहायची माझी हिंमत नव्हती. मावशी काळा रुमाल बांधून आली. ये म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिने कागद वाचून पाहिला आणि खाली ठेवला.

दहा वाजले. खिडक्या उघडलेल्या होत्या. सगळ्या गावाला आदल्या संध्याकाळीच कळलेलं होतं, तरी कुणी कुणाकडे बघत नव्हतं, सगळे कर्ण्याकडे बघत होते. घड्याळ पुढे गेलं. मी तिला घाई केली नाही. ती चार मिनिटं आमच्या गावात नेन्चो काका गेलेले नव्हते.

मग तिने बटण दाबलं. नवे रुग्ण दोन. विलगीकरणात चाळीस. मृत्यू एक.