पहिला भाग परत, मगच दुसरा

राहुलच्या आईनं, गोदाबाईंनी, वाचनालयाचं दार ढकललं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजून गेले होते.

“काका, काय वाचाले देलं तुमी माह्या राहुलले?”

गोपाळकृष्ण काकांचं आयुष्य सरकारी कचेरीत पुलांचे नकाशे काढण्यात गेलं. निवृत्तीनंतर ते मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या मराठी वाचनालयात बसू लागले. जुन्या विज्ञानकथा आणि अद्भुत कादंबऱ्या लोकांच्या हाती देणं हे त्यांचं वेड. ते वाचकाला आवड विचारत नाहीत. विचारतात, “भीती कशाची वाटते?” पाण्याला भिणाऱ्या समीक्षा नावाच्या मुलीला त्यांनी समुद्राखालच्या शहराची कादंबरी दिली; ती तीनदा घेऊन गेली. जाड पुस्तकं ते स्वतः दोन भागांत बांधतात आणि पहिला परत आल्याशिवाय दुसरा देत नाहीत. तोडतातही अशा जागी, की माणूस धावत यावा.

राहुल म्हणाला होता, अंधाराची. काकांनी त्याला पृथ्वीच्या पोटात उतरणाऱ्या सात जणांची कादंबरी दिली. पहिला भाग संपतो तेव्हा सातही दिवे विझलेले असतात.

एक गोष्ट काकांना ठाऊक नव्हती. राहुलला उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत नोकरी लागली होती. जमिनीवरचं ट्रेनिंग संपलं होतं, आणि आज दोनच्या पाळीला तो पहिल्यांदा खाली उतरणार होता.

“दार लावून बसला जी. म्हणते, नाही जात. आज नाही गेला तं नाव कटते. साडेअकराची बस आहे!”

काकांनी कपाटातून दुसरा भाग काढला. “श्रुतिका, गाडी काढ,” ते मला म्हणाले.

गोदाबाई ऑटोनं पुढे गेल्या. आमच्या स्कूटीसमोर रेल्वे फाटक पडलं.

“सांगून टाका ना काका, सगळे वापस येतात म्हणून,” मी म्हटलं.

“दोघं येत नाहीत.”

“त्याले काय मालूम?”

“वाचल्यावर कळेल. मग त्याच्या हातात पुढचं पुस्तक कोणत्या तोंडानं देऊ?”

मालगाडी संपता संपत नव्हती. राहुलच्या घरी पोचलो तेव्हा अकरा दहा झाले होते.

काकांनी बंद दारावर थाप मारली. आतून राहुलचा आवाज आला, “सगळे वापस येतात का काका?”

गोदाबाई हात जोडून काकांकडे पाहत होत्या. नुसतं हौ म्हणायचं होतं.

“पाच येतात,” काका म्हणाले.

गोदाबाईंनी कपाळावर हात मारला. मी घड्याळ बघत होते.

“ते दोघं काहून राहतात?” आतून राहुलनं विचारलं.

“दिवा मंद झाला, म्हणजे हवा संपत आली, तरी बोलले नाहीत. भित्रे म्हणतील, याची लाज वाटली त्यांना. बाकीच्यांनी ओरडून सांगितलं अन् वर खूण म्हणून दोर ओढला.”

अकरा अठराला कडी निघाली. राहुलचे डोळे लाल होते. काकांनी दुसरा भाग पुढे केला.

“पहिला कुठं वापस केला मी? नियम तुमचाच आहे ना?” त्यानं पहिला भाग डब्याच्या पिशवीत टाकला. मी त्याला स्टँडवर सोडलं. बस हलली होती, धावत चढला.

दुसऱ्या दिवशी रविवार, त्याची सुट्टी. काका नऊऐवजी साडेसातलाच वाचनालयात येऊन बसले. दुसरा भाग टेबलावर. त्याला फोन लावू का, मी विचारलं तर नको म्हणाले. दार वाजलं की मान वर. एकदा पेपरवाला, एकदा वारा.

अकराला राहुल आला. त्यानं पहिला भाग टेबलावर ठेवला. कव्हरवर अंगठ्याचा काळा ठसा होता.

“काका, लिहिणारा कधी खाली उतरलाच नाही! म्हणते, थंडी वाजते. अजी, घामानं बनियान पिळून काढली मी.”

“अन् भीती?”

“वाटली ना. ओरडलो जोरात. मुकादम हासला. पण थांबला माह्यासाठी.”

काकांनी दुसरा भाग त्याच्यापुढे सरकवला.