डिसचार्जचा दुसरा अर्थ

मनोहरराव निनावे गिरणीच्या हजेरी मांडणाऱ्या टाइम ऑफिसात बावीस वर्षं कारकून होते. इंग्रजी आठवीपर्यंत शिकलेले. इतवारी पेठेमागच्या त्या विणकरांच्या गल्लीत तेवढं इंग्रजी दुसऱ्या कोणाजवळ नव्हतं. म्हणून कोर्टाचा कागद असो की तार, माणसं त्यांच्याच ओट्यावर येत. मनोहरराव चष्मा पुसत, कागद मनातल्या मनात वाचत आणि मग अर्थ सांगत. त्यांना कोणी उलट विचारत नसे. हे त्यांना फार आवडे.

बहात्तरच्या हिवाळ्यात शेजारचे रुपराव माग सोडून तार घेऊन आले. त्यांचा एकुलता मुलगा अनंत दोन वर्षांपासून भिलाईला नोकरीला होता. तारेत एवढंच होतं : अनंत डिसचार्ज्ड, रीचिंग सॅटरडे, मीट स्टेशन.

गिरणीत डिसचार्ज म्हणजे कामावरून कमी. तशा याद्या मनोहररावांनी स्वतःच्या हातानं फलकावर लावल्या होत्या. पण त्याच क्षणी त्यांना आणखी एक कागद आठवला. बायको कुसुमावती टायफॉइडमधून उठून घरी आली, तेव्हा दवाखान्याच्या कार्डावर हाच शब्द होता. समोर सात-आठ माणसं उभी होती. ‘दोन्ही असू शकतं, मला नक्की सांगता येत नाही,’ एवढं म्हणणं त्यांच्या जिवावर आलं.

“पोराले नोकरीवरून काढलं, रुपराव. शनिवारी येऊन राहिला. ठेसनवर बोलावलं घ्यायले.”

“काहून काढलं जी?”

“कारण तारेत नाही लिहीत. पण उगाच कोणाले काढत नाहीत.”

हे शेवटचं तर त्यांनी पदरचंच घातलं.

शनिवारी रुपराव स्टेशनवर गेले नाहीत. बायको गोपिकाबाईलाही जाऊ दिलं नाही. दुपारी अनंत डोक्यावर ट्रंक घेऊन पायीच गल्लीत शिरला. मनोहरराव ओट्यावरून पाहत होते.

“आता कोणतं तोंड घेऊन आला?” दारातूनच रुपराव ओरडले. “गल्लीत मान वर करायची सोय नाही ठेवली तू.”

“बाबा, मले बसू तं द्या,” अनंत म्हणाला आणि पायरीवरच कलंडला. सदऱ्यावर पोटापाशी रक्त आलं होतं.

पोटाचं ऑपरेशन होऊन तो दोन आठवडे भिलाईच्या दवाखान्यात होता. आईनं धसका घेऊ नये म्हणून घरी कळवलं नव्हतं. तार त्याच्या खोलीतल्या मित्रानं केली होती. नोकरी शाबूत होती. ट्रंकेच्या ओझ्यानं टाके उसवले होते.

त्याला दवाखान्यात न्यायला मनोहररावांनीच रिक्षा आणली. वाटेत अनंतच्या खिशातलं कार्ड त्यांच्या हाती आलं. तो शब्द त्यांनी वाचला आणि कार्ड उलटं करून धरलं.

आठ दिवस ते रोज दवाखान्यात जात आणि बाहेरच्या बाकावर बसून परत येत. नवव्या दिवशी त्यांनी रुपरावांना बाजूला नेलं.

“मले दुसरा अर्थ माहीत होता, रुपराव. म्या सांगितला नाही.”

 रुपराव म्हणाले, “तुम्ही कागदच वाचला जी. ठेसनवर मी नाही गेलो. बोललोही मीच.”

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या, तर मनोहररावांना जरा हलकं वाटलं असतं. पण रुपरावांनी सगळंच स्वतःवर घेतलं. तिथं उभं राहणं मनोहररावांना अवघड झालं.

दोन महिन्यांनी अनंत कामावर परतला. पुढं कोणी कागद आणला की मनोहरराव म्हणत, “याचे दोन अर्थ निघतात. चला, पोस्टात विचारून येऊ.” आणि स्वतः सोबत जात. माणसांना याचा कंटाळा आला. हळूहळू ती शाळेत आलेल्या नव्या मास्तरांकडे जाऊ लागली.

रुपराव मात्र शेवटपर्यंत त्यांच्याकडेच आले. मनोहरराव त्यांना कागद वाचून दाखवत, पण वाचून झाल्यावरही त्यांची नजर कागदावरच राही.