गरोदर बायकांची गोळी

गॅसवर दूध होतं, मुलीचा एक मोजा सापडत नव्हता आणि हे न्हाणीघरातून टॉवेल मागत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप कोण मारतं, असं पुटपुटत दार उघडलं तर पोपडेकाका. एक हात चौकटीला, दुसऱ्याने जबडा धरलेला, शर्ट घामाने निथळत होता.

"दाढ ठणकतेय हो वहिनी. जिन्यातच कळ आली. घोटभर पाणी द्या, मग अप्पांची दाढी करतो."

मी पाणी आणेपर्यंत ते चपलांच्या कपाटाला टेकून खाली बसले होते. आत दूध उतू गेलं.

पोपडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. काका भागीदारीतल्या दुकानात केस कापायचे, दाढ्या करायचे, आणि त्यांना सोरायसिस होता. कोपरांवर, कपाळाच्या कडेला, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे, त्यावर चंदेरी खपल्या. कुणा टवाळाने नाव पाडलं, आणि नवी गिऱ्हाइकं ते आडनावच समजली. काका हसून ओ देत. पण त्यांच्या खुर्चीत बसायला माणसं कां-कू करू लागली. 'हा आजार स्पर्शाने होत नाही' अशी पाटी त्यांनी लावली, तेव्हा ज्यांचं लक्ष गेलं नव्हतं त्यांचंही गेलं. शेवटी हक्काचं असं आमचं एकच घर उरलं.

माझे सासरे, म्हणजे अप्पा, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेत, वाचाही गेली. नणंद एकदा फणकारली होती, "अप्पांना नको म्हणता येत नाही, म्हणून तू हा माणूस त्यांच्या गळ्यात मारलास." काका फेस करू लागले की अप्पा आपणहून गाल पुढे करतात, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

ती दाढ नव्हती. हृदयविकाराचा झटका होता.

दवाखान्यात काकूंनी औषधांची पिशवी डॉक्टरीणबाईंसमोर रिकामी केली. त्यात एका गोळीची पाकिटं न फोडलेली, तशीच. "फॉलिक ॲसिड घेतच नव्हतात?" बाईंनी विचारलं. काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

उत्तर काकूंनी दिलं. "औषधाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, ही तर गरोदर बायकांना देतात. ते यांच्या दुकानातल्या जोडीदाराने ऐकलं. मग रोज तेच. 'काका, कितवा महिना? आंबट खावंसं वाटतंय का?' गिऱ्हाइकंसुद्धा पोटाकडे बघून हसायची. घरी येऊन म्हणाले, मला कुणी हात लावू देत नाही तेवढं पुरे आहे, आणखी हसं नको. त्वचेची गोळी घ्यायचे, ही तेवढी सोडली."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "हा आजार नुसता कातडीचा नसतो. आतही सूज असते, ती रक्तवाहिन्यांनाही भोवते. शिवाय अशा रुग्णांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक पुष्कळदा वाढलेला असतो. तो फार वाढला की हृदयाचा धोकाही जास्त दिसतो. फॉलिक ॲसिड त्याचा निचरा करायला मदत करतं. आणि तुमची त्वचेची गोळी नेमकं तेच शरीराला नीट वापरू देत नाही, म्हणून ही जोडीला दिली होती. तुमचं होमोसिस्टीन खूप वाढलंय."

"म्हणजे ती घेतली असती तर..." काकूंच्या तोंडून निघालं.

"झटका टळला असता, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. कुणीच नाही सांगू शकत."

काकूंना एवढाही आधार मिळाला नाही. ना दोष द्यायला, ना सुटायला.

काका घरी आले ते निम्म्या ताकदीचं हृदय घेऊन. उभ्याचं काम बंद. दुकानातली खुर्ची जोडीदाराच्या भाच्याला गेली. आमच्याकडे यांनी दाढीचं मशीन आणलं. "माणूस आपल्या दारात कोसळला," हे म्हणाले, "पुन्हा काही झालं तर? नको म्हणून सांगून ये." मशीन लावलं की अप्पा मान फिरवतात. पण यांची भीतीही चुकीची नव्हती.

सांगायला मी गेले. काका खाटेवर बसून होते. बोटांच्या भेगा आणखी उलल्या होत्या, चादरीवर खपल्यांचा सडा. काकूंनी चहा केला. हवापाण्याचं बोलून झालं, औषधांचं झालं. आता गोळी वेळेवर घेतात, काकू मोजून हातावर ठेवतात. निरोप तेवढा सांगायचा राहिला.

"साहेबांनी पाठवलंय ना?" काकाच म्हणाले. "मशीन आणलंय, कळलं मला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही आणलं असतं."

ते बराच वेळ श्वास गोळा करत होते.

"मला आता उभं राहवत नाही, वहिनी. अप्पांच्या खाटेशी एक स्टूल ठेवाल? मी बसून करीन."