नामदेवकाकांचा आयतवार

नामदेवकाका कोणाच्याही घरी गेले, की आधी माणसांकडे बघत नसत. चपला दारात काढायच्या, थेट माशांच्या पेटीपाशी जायचं, काचेवर तळवा टेकवायचा आणि डोळे मिटायचे. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही तसंच केलं. मी "या, बसा" म्हणाले ते त्यांना ऐकूच गेलं नाही. थोड्या वेळानं डोळे उघडून ते म्हणाले, "मोटर लंगडून राह्यली, ताई. पंख्यात केस अडकला असन." मग त्यांनी पाण्यातला फिल्टर बाहेर काढला, उघडला, आणि आतल्या इवल्याशा पंख्याभोवती गुंडाळलेला माझाच लांबलचक केस चिमटीत धरून मला दाखवला.

काका ठार बहिरे होते. आमच्याच हिंगणघाटच्या एका गिरणीत त्यांनी बावीस वर्षं मागांवर काढली होती. एका छपराखाली शेकडो माग धडधडत असत, आणि त्या आवाजानं त्यांचे कान थोडे थोडे करत नेले. गिरणी बंद पडली तेव्हा उरलेसुरले कानही गेलेले होते. मग ते कूलर दुरुस्त करू लागले. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय घर नाही, त्यामुळे मार्च ते जून त्यांना उसंत नसे. कोणीतरी एकदा माशांच्या पेटीतला फिल्टर त्यांच्यापुढे ठेवला आणि तेव्हापासून तेही काम सुरू झालं. "कूलरची मोटर अन् ही मोटर सख्ख्या बहिनी हायेत," ते सांगत. "मोठी वाळ्यावर पानी सोडते, लहानी पानी गाळते. लहानीचे नखरे जास्त."

आमच्या घरी पेटी आली ती बाबांसाठी. बाबा एसटीत होते. बसस्थानकाच्या खिडकीत बसून गाड्यांची घोषणा करायचे. "वर्धा, पुलगाव मार्गे आर्वीला जाणारी गाडी" हे त्यांनी म्हटलं की ऊस खाणारी माणसंसुद्धा चघळणं थांबवत, असं लोक सांगायचे. निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि आवाजही गेला. समजायचं सगळं, पण तोंडातून निघायचं ते फक्त "हं". आई आधीच गेली होती. मी घरीच शिकवण्या घेत होते, म्हणून बाबा माझ्याकडे. पुण्याच्या भावानं त्यांच्या पलंगासमोर काचेची मोठी पेटी बसवून दिली, सहा गोल्डफिश सोडले आणि तो परत गेला. बाबा तासन् तास त्याकडे बघत. मला बरं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं मोकळंही वाटायचं.

पेटीच्या आत, काचेला रबरी कपांनी चिकटवलेला एक काळा डबा होता. तोच फिल्टर. तो पाणी ओढून घेतो, स्पंजातून गाळतो आणि वरून परत सोडतो. काकांनी तो दुरुस्त करून दिला आणि बजावलं, "स्पंज धुवाचा नसते, पिळाचा असते. तोही पेटीतल्याच पान्यात." मी मान हलवली. पुढच्या महिन्यात स्पंज अगदी शेवाळी, चिकट झालेला दिसला. मला किळस आली. मी तो नळाखाली धरला, साबण लावला, पिवळाधमक करून परत बसवला. त्या दिवशी पाणी काय छान दिसत होतं!

चौथ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत मुलींना गणित शिकवत होते. आतून पलंगाच्या लोखंडी कडेवर काहीतरी आपटल्याचा आवाज यायला लागला. आत गेले. बाबा डाव्या मुठीनं पलंग बडवत होते. मूठ लाल झाली होती. पेटीत तीन मासे पोटं वर करून तरंगत होते. माझ्या लक्षात आलं, की ते मरताना बाबा बघत होते आणि हाक मारू शकत नव्हते.

काका आले. स्पंजाचा वास घेऊन माझ्याकडे बघितलं. "साबन लावली?"

मी मान खाली घातली.

"ताई, त्या मळात जीव होता," ते म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं त्यांचं बोलणं मोठ्यानं असे, पण त्या दिवशी ते फार हळू बोलले. "माशाची घान खानारे बारीक जीव असते स्पंजात. ते दिसत नाई. तुमी त्याहीलेच मारून टाकलं. मंग माशाले त्याच्याच घानीनं इख चढलं. सारीच्या सारी सफाई चांगली नसते." त्यांनी कोणत्यातरी ओळखीच्या घरून दुसऱ्या चालू फिल्टरचा मळका स्पंज आणून आमच्या डब्यात बसवला. उरलेले तीन मासे जगले. तेव्हाच काका म्हणाले, "म्या येत जाईन आयतवारचा. तुमी हात नोका लावू."

असं ते तीन वर्षं दर रविवारी आले. बादलीभर पाणी काढायचं, त्यात स्पंज दोन-तीनदा पिळायचा, जुन्या टूथब्रशनं पंखा घासायचा, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी ओतायचं. काम अर्ध्या तासाचं. पण काका दोन तास बसत.

सुरुवातीला मला कळेना, की एक बोलू न शकणारा आणि एक ऐकू न शकणारा, हे दोघं करतात काय. मग एकदा चहा घेऊन आत गेले तेव्हा दिसलं. काका बोटांनी काहीतरी करून दाखवत होते आणि बाबा डाव्या हातानं तेच गिरवत होते. मी खुणेनंच विचारलं, "काय चाललंय?"

"गिरनीतली बोली," काका म्हणाले. "मागापाशी कोनाले काय आयकू येते? सारे हातानं अन् ओठानंच बोलत. बावीस वर्स म्या असाच बोललो. मले कान गेल्याचं तवा समजलंच नाई, बाहेर आल्यावर समजलं."

दोन बोटं ओठांशी नेली म्हणजे चहा. मनगटावर टिचकी म्हणजे सुट्टी कधी. चिमूट एकदम सोडली म्हणजे धागा तुटला, काहीतरी बिघडलं. कपाळावरून पंजा फिरवला म्हणजे आज दमलो. काकांना शेकडो खुणा येत होत्या, आणि नसलेल्या त्या दोघांनी बनवल्या. गाड्यांच्या केल्या, गावांच्या केल्या. पुलगावसाठी हाताची कमान. आर्वीची खूण काय होती ते मला कधीच कळलं नाही, पण ती केली की दोघंही हसत. दोघं मिशीवरून बोट फिरवायचे तेव्हा मी नेमकी खोलीत शिरलेली असायची. कितीतरी महिन्यांनी उलगडा झाला, की ती सुपरवायझर आल्याची खूण होती.

मी त्यातल्या चार-पाच खुणा शिकले. चहा, पाणी, पाठ दुखते, पंखा. बाबांचं काम भागायला तेवढ्या पुरे होत्या. बाकीच्या शिकायला मला वेळ नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे.

एकदा काका बाबांना म्हणाले, "साहेब, कान होते तवा तुमचा आवाज आयकला हाय म्या. माह्या डोक्यात तो अजून हाय. तुमी हात हालवता, अन् मले त्याच आवाजात आयकू येते." बाबा त्या दिवशी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून होते.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. ऊन असं होतं, की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. एका रविवारी सकाळीच आमच्या भागातली लाईन गेली. रोहित्र जळालं होतं. फिल्टर बंद, पेटीतलं पाणी कोमट. बारा वाजेपर्यंत मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले. बाबा माझ्याकडे बघून सारखी चिमूट सोडत होते. धागा तुटला, धागा तुटला. मला आधीचे ते तीन मासे आठवले. मी काकांच्या घरी फोन लावला. फोन त्यांच्या बायकोजवळ, यशोदाकाकूंजवळ असे. "काकू, काकांना जरा लवकर पाठवता का?"

काका सव्वा वाजता सायकलवरून आले. डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. सकाळपासून तीन गच्च्यांवर चढून कूलर लावून आले होते, हे मला नंतर समजलं. आल्या आल्या फिल्टर काढून बाहेर ठेवला. "लाईन आली तरी हा तसाच चालू करू नोका. आतलं पानी सडते, तेच पेटीत जाते. पह्यले पिळा, मंग लावा." मग पेला घेऊन ते पेटीतलं पाणी उंचावरून परत पेटीत ओतू लागले. "माशाले नुस्तं पानी नाई, पान्यातली हवा लागते. हात थांबवाचा नाई."

तासभर ते ओतत होते. मग दुसरा पेला त्यांनी बाबांच्या डाव्या हातात दिला, पलंग पेटीला चिकटवला, आणि दोघं आळीपाळीनं ओतू लागले. बाबांचं अर्धं पाणी गादीवर सांडत होतं. लकवा मारल्यापासून बाबांनी कोणाच्या उपयोगाचं असं काही केलं असेल, तर ते त्या दुपारी.

तीनला लाईन आली. एकही मासा मेला नव्हता. काकांनी स्पंज पिळला, फिल्टर लावला. चहा नको म्हणाले. चेहरा तांबडालाल झाला होता, आणि एवढ्या उकाड्यात कपाळावर घामाचा थेंब नव्हता. ते मी पाहिलं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. "ऊन उतरू द्या, मग जा," एवढं मी ओरडून म्हणाले, तर ते "अजून एक कूलर हाय" म्हणून निघाले.

ऊन लागलं होतं. संध्याकाळी घरी तापानं फणफणले, बडबडू लागले. दवाखान्यात नेलं. सोमवारी सकाळी गेले.

बातमी मला भाजीवालीकडून कळली. मी अंत्ययात्रेला गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते? तीन माशांसाठी भर दुपारी मी त्या माणसाला बोलावलं होतं. बाबांनाही सांगितलं नाही. रविवार आला. बाबांनी खुणेनं धुतलेला सदरा मागितला, घातला आणि दाराकडे बघत बसले. मी म्हणाले, "काका गावाला गेलेत." फिल्टर मीच काढला, बादलीत पिळला. बाबा माझ्या हाताकडे नाही, दाराकडेच बघत होते.

दुसऱ्या रविवारी त्यांनी पुन्हा सदरा मागितला. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. पलंगाशी खाली बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, फोनचंही. बाबा रडले नाहीत. त्यांनी हात उचलला, आधी स्वतःच्या छातीवर ठेवला, मग दाराकडे केला. मला तिकडे ने.

चाकाची खुर्ची ऑटोत घालून आम्ही काकांच्या घरी गेलो. मी काकूंसमोर उभी राहिले. म्हणाले, "काकू, मी फोन केला नसता तर…"

"तुमी फोन केला, सांगतलं तं म्याच ना त्याहीले," काकू म्हणाल्या. "म्याही हेच म्हनत बसली होती पंधरा दिवस. पन पोरी, आयतवार होता. ते सदरा बदलूनच बसले होते. तुमचा फोन नसता आला तरी उनात तसेच निंगाले असते."

मी दाराला टेकून रडले. काकूंनी मला रडू दिलं. मग बाबांच्या खुर्चीपाशी जाऊन त्यांच्याकडे नीट बघितलं. बाबांना त्या पहिल्यांदाच भेटत होत्या.

"तुमीच साहेब," त्या म्हणाल्या. "घरात मी ओरडू ओरडू थकत होती. सून ओरडे, गिऱ्हाईक ओरडे. लोकं एक शब्द ओरडत अन् जाऊ द्या म्हनून तोंड फिरवत. ते म्हनत, 'यशोदे, अख्ख्या हिंगनघाटात एकटे साहेबच माह्यासंगं बोलते. बाकी सारे नुस्ते ओरडते.'"

तीन वर्षं मीही ओरडूनच बोलले होते.

बाबांनी डावा हात वर केला. बोटं हलू लागली. आधी सावकाश, मग भराभर. चहाची खूण नव्हती, पाण्याची नव्हती. कपाळावरून पंजा गेला, एकदा कमान झाली, आणि पुढे मला माहीत नसलेलं कितीतरी. हात थांबत नव्हता.

"काय म्हन्ते बाबा?" काकूंनी मला विचारलं.

"मला कळत नाही, काकू," मी म्हणाले. "ते फक्त काकांना कळायचं."

काकूंनी भिंतीकडचा पाट ओढला, बाबांच्या अगदी समोर मांडला आणि त्यांच्या हाताकडे बघत त्या खाली बसल्या.

"म्हनू द्या," त्या म्हणाल्या.